बोटं उघडली आणि आम्ही फसलो

गेल्या दिवाळीनंतर अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. महिन्याभरात पाय टेकायला लागला, हाताची मूठ मात्र वळलेली ती वळलेलीच. तीस वर्षं लूमवर तुटलेला धागा चुटकीसरशी सांधणारी बोटं ती.

नव्या पेठेजवळच्या एका कार्यालयात 'लकव्याचं मोफत शिबिर' लागलं होतं. सफारीतल्या माणसानं अण्णांच्या कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला दोन चिकट पॅड लावले आणि बटण फिरवलं. बोटं एकेक करून उघडली. अण्णा ढसाढसा रडले. "एकवीस दिवस लावा, शेंगा सोलतील," तो म्हणाला. किंमत 38,500. आईची पाटली गहाण टाकली.

घरी खोक्यातलं यंत्र लावलं तर नुसत्या मुंग्या. फोन केला, तर "पॉवर वाढवा." वाढवली. त्या हाताला धड संवेदना नव्हती, त्यामुळे चामडी लाल झाल्याचं अण्णांना कळलंच नाही. त्यातून त्यानं सांगून ठेवलेलं, "व्यायाम बंद ठेवा, नसा थकतात." पैशांपेक्षा मला याचा राग जास्त येतो. हात सुधारायची सगळ्यात जास्त आशा असते ती पहिल्या काही महिन्यांत. त्यातले दोन आम्ही घालवले.

शेवटी सिव्हिलमध्ये गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी खोकं उलटं करून पाहिलं. "हे टेन्स आहे, दुखणं कमी करायचं. शिबिरात दाखवलं ते वेगळं असणार." मग त्यांनी आपल्या यंत्राचे पॅड माझ्याच हाताला लावले. मी काही न करता माझी बोटं वर उठली! धडधाकट माणसाची!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिबिरातली करामत खोटी नव्हती, म्हणून तर आम्ही भुललो. अण्णांना इजा मेंदूत झालेली. मणक्यापासून हातापर्यंतची नस शाबूत, म्हणून करंट दिला की स्नायू आखडतो आणि बोटं उघडतात. बंद केला की मूठ पुन्हा मिटते. मॅडम म्हणाल्या, करंट चालू असताना पेशंटनं स्वतः जोर लावायचा, पेला धरायचा, सोडायचा, रोज शेकडो वेळा. तरीही हमी कुणी देऊ शकत नाही. आणि छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हातही लावायचा नाही.

लकवा बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर समजलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पावती म्हणजे साधा कागद. ना पत्ता, ना जीएसटी नंबर. फोन केव्हाचाच बंद. तेव्हा पैसे मोजण्याआधी पावती पक्की मागा, आणि हात हलवून दाखवलं तेच यंत्र खोक्यात आहे का ते तिथंच लावून बघा.

अण्णा आता पेला धरतात, सोडताना अजून डाव्या हातानं बोटं सोडवावी लागतात. ते यंत्र आई गुडघ्याला लावते. बरं वाटतं म्हणते.