मणिभवन: आधी चार तारखा माहीत करून घ्या, मग जिना चढा

मुंबईत गावदेवीला, १९ लॅबर्नम रोड. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुतेक मुक्काम इथेच, रेवाशंकर जगजीवन झवेरींच्या घरी. १९५५ पासून गांधी स्मारक निधीने ही वास्तू स्मारक म्हणून जपली आहे.

लोकलने ग्रँट रोडला उतरून पश्चिमेला बाहेर पडा. नाना चौकातून दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. गाडी नेऊ नका. गल्ली अरुंद, पार्किंगची मारामार. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी हे दिवस टाळा, गर्दीत काही धड बघून होत नाही. वर जायला लाकडी जिना आहे. गुडघेदुखीवाल्यांना सोबत नेणार असाल तर आधी फोन करून विचारलेलं बरं.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. अभ्यासाला आलेल्यांचा दिवस तिथेच जाईल, बाकीच्यांनी सरळ दुसऱ्या मजल्यावर जावं. गांधीजींची खोली तिथे आहे आणि ती काचेपलीकडूनच बघायची. गादी, लोड, बैठं मेज, चरखे, बस्स, एवढंच. लोक दोन फोटो काढून पुढे सरकतात, आणि इथेच चूक होते. काचेसमोर उभं राहिलं की आपलंच प्रतिबिंब दिसतं. थोडं बाजूला सरका, खाली वाका आणि चरख्यांकडे नीट बघा. गांधीजी सूतकताई शिकत होते त्या दिवसांत त्यांच्या खोलीत चरख्याची घरघर चालायची ती याच घरात. सुतासाठी कापूस पिंजून देणारा पिंजारीही या घरावरून रोज जायचा. शेळीच्या दुधाची गोष्टही इथलीच: १९१९ च्या सुरुवातीला, आजारपणात, कस्तुरबांनी पटवल्यावर त्यांनी ते घेतलं. गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत होतं ना!

त्याच मजल्यावर सुशीला गोखले-पटेल यांनी केलेले छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत. लहान मुलं सोबत असतील तर निम्मा वेळ यांच्यासाठीच ठेवा. काम फार नेटकं आहे. मात्र त्यांत गांधीजींचा सगळा जीवनपट आहे, या घराचा नाही. म्हणून तारखा आधी माहीत हव्यात: ७ एप्रिल १९१९, सरकारी नोंदणी न करता काढलेलं ‘सत्याग्रही’ पत्रक, नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवेळी पेटलेल्या दंगली थांबाव्यात म्हणून केलेलं उपोषण, ४ जानेवारी १९३२, पहाटे गच्चीवरच्या तंबूतून झालेली अटक. चौथी ३१ डिसेंबर १९३१, कायदेभंग पुन्हा सुरू करण्याच्या निर्णयाची. अटकेच्या आधी जेमतेम चार दिवस. गच्ची खुली असेल तर चुकवू नका.

पहिला मजला उतरताना करा. हिटलर आणि रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती नुसत्या चाळू नका, पूर्ण वाचा.

१९४२ ची अटकही इथलीच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ९ ऑगस्टला गांधीजींना बिर्ला हाऊसमधून नेलं आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. ८ ऑगस्टची सभा झाली ते ऑगस्ट क्रांती मैदान मात्र मणिभवनाहून चालत जाण्याइतकं जवळ आहे, परतीच्या वाटेवर सहज होतं.