आर-टू-डी-टूच्या घुमटापायी गेलेले ५५,८४० रुपये

मी पुण्यात राहतो आणि गेली तीन वर्षे १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातला आर-टू-डी-टू हा यंत्रमानव खऱ्या मापाचा, म्हणजे साधारण १०९ सेंटिमीटर उंचीचा आणि स्वतः चालणारा, घरी बनवतो आहे. पायांत व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या मोटारी बसवल्या आहेत, धड स्टायरीन शीटचे आहे. अडले होते ते डोक्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घुमटापाशी. पत्रा फिरवून त्याला घुमटाचा आकार देणाऱ्या भोसरीतल्या दोन स्पिनिंगवाल्यांनी एका नगासाठी फर्मा (साचा) करायला साफ नकार दिला. मग घुमट विकतो म्हणणाऱ्या एकाने मला फसवले. स्वस्ताच्या मोहाने मी फसलो, असे म्हणून कृपया कोणी मोकळे होऊ नये. या छंदात एखादा हौशी कारागीर आधी मागणी आणि पैसे गोळा करतो, मग भागांची एक खेप काढून सर्वांना पाठवतो. आगाऊ पैसे देणे ही आमच्यातली रीतच आहे आणि त्या माणसाने नेमकी तीच हेरली.

परदेशातून आणलेला घुमट ३८,५०० रुपयांना देतो, असे तो म्हणाला. मला ‘दादा’ म्हणायचा, मोटारींच्या गिअरविषयी नेमके प्रश्न विचारायचा. मी १९,२५० रुपये भरले, खोके बांधल्याचा फोटो आल्यावर आणखी १९,२५०. मग ‘कस्टम ड्यूटी’चे ११,३४० आणि ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून ६,०००. सरकारी शुल्क कधीही कोणाच्या खासगी यूपीआय आयडीवर भरायचे नसते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

पण मला रात्री झोप लागू देत नाही तो घुमटाचा पहिलाच फोटो. त्यात पुढचा होलोप्रोजेक्टर (हवेत चित्र उमटवणारे भिंग) आणि निळे लॉजिक दिवे यांच्या बाजू उलट होत्या. कोणाचा तरी फोटो चोरून, इंटरनेटवरच्या चित्रशोधात सापडू नये म्हणून, आरशासारखा फिरवलेला होता. तीन वर्षे रोज तोच चेहरा पाहणाऱ्या माझ्या ते लक्षात आले, मी विचारलेही. “दादा, सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय,” एवढे त्याचे उत्तर मी मान्य केले. घुमटासमोर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून व्हिडिओ पाठव, एवढे एक वाक्य मी लिहायला हवे होते.

पार्सल आलेच नाही. पोलीस चौकीत तक्रार घेण्याआधीच “बाहुलीच्या टोपीसाठी एवढे पैसे?” असे विचारून शेजारचे दोघे हसले. तिथून मला सायबर विभागात धाडले, सायबर विभागाने पुन्हा चौकीत. बँकेचे म्हणणे, पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेने पोलिसांचे पत्र मागितले, पोलिसांनी बँकेचे उत्तर आधी आणायला सांगितले, आणि या येरझाऱ्यांत माझ्या सहा रजा गेल्या. तक्रार मागे घेता का, असे मात्र मला दोनदा विचारले गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी चौथ्या दिवशी फोन केला; तुम्ही पहिल्या तासातच करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवता येतात. संभाषणाचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, माझ्याकडचे अर्धे संदेश त्याने पुसून टाकले.

नऊ आठवडे झाले, तपास अधिकारी बदलले आहेत, आणि नव्या अधिकाऱ्यांनी मला सर्व कागदपत्रांच्या प्रती पुन्हा जमा करायला सांगितले आहे.