जोडीदाराचं जुनं कर्ज, अमेरिकी सैन्यातली नोकरी आणि वसुलीवाले: भरावं, लढावं की थांबावं?

अमेरिकी सैन्यातल्या माणसाशी लग्न झालं, संसार सुरू झाला आणि मग कुठूनतरी बायकोच्या जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी वर आली, असं बऱ्याच घरांत घडतं. मूळ बँकेने ती केव्हाच विकून टाकलेली असते आणि फोन येतात एखाद्या कलेक्शन एजन्सीचे. कर्ज बायकोचं, तेही लग्नाआधीचं. दबाव मात्र नवऱ्याच्या वर्दीवर. "त्यांच्या कमांडरला कळवावं लागेल. आज निदान पन्नास डॉलर भरा, मी फाइल थांबवते." घाबरून लोक पन्नास डॉलर भरतात. समोरच्या सगळ्या मार्गांत मला हाच सर्वांत महागडा वाटतो.

आधी कर्ज कोणाचं ते बघा

लग्न झालं म्हणून जोडीदाराचं आधीचं कर्ज आपल्या डोक्यावर येत नाही. मात्र ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानतात, आणि त्या कमाईला कुठवर हात लावता येतो हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात बायकोच्या लग्नाआधीच्या कर्जासाठी सामाईक मालमत्तेला हात लागू शकतो. पण नवऱ्याचा पगार त्याच्या एकट्याच्या खात्यात असेल, बायकोला तो काढता येत नसेल आणि इतर सामाईक पैशांत मिसळला नसेल, तर तो वाचतो. तिथे पोस्टिंग असेल तर संयुक्त खातं ठेवायचं की नाही याचा विचार आजच करा.

यापेक्षाही मोठा फरक मुदतीत आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. जुन्या कर्जासाठी कोर्टात दावा लावायला बहुतेक राज्यांत ३ ते ६ वर्षांची मुदत असते, काही ठिकाणी जास्त. मुदत उलटल्यावर दावा लावायला किंवा तशी धमकी द्यायला कलेक्शन एजन्सीला मनाई आहे. पण 'सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट' या २००३ च्या कायद्यानुसार लष्करी सेवेचा काळ या मुदतीत मोजत नाहीत. म्हणजे सैन्यात नसलेल्या, नागरिक बायकोचं सात-आठ वर्षांपूर्वीचं कर्ज मुदतबाह्य झालेलं असू शकतं, आणि त्याच महिन्यात थकलेलं सैनिक नवऱ्याचं कर्ज अजून जिवंत असू शकतं.

हाच कायदा सैनिकाला एक सवलतही देतो. सेवेत येण्याआधी त्याने एकट्याने किंवा जोडीदारासोबत घेतलेल्या कर्जावर सेवाकाळात ६ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. त्यासाठी ऑर्डर्सची, म्हणजे सेवेत बोलावल्याच्या लष्करी आदेशांची, प्रत जोडून लेखी मागणी करायची, सेवा संपल्यावर १८० दिवसांपर्यंत ती करता येते. फक्त बायकोच्या नावावरच्या कर्जाला ही सवलत नाही. उलट 'मिलिटरी लेंडिंग ॲक्ट'ची ३६ टक्क्यांची व्याजमर्यादा जोडीदारालाही लागू होते, पण ती सेवाकाळात घेतलेल्या कर्जांसाठी.

लगेच भरणं की पुरावा मागणं

पन्नास डॉलर भरण्यातला धोका असा, की अनेक राज्यांत अर्धवट रक्कम भरली किंवा कर्ज लेखी मान्य केलं की संपलेली मुदत नव्याने सुरू होते. मेलेलं कर्ज तुम्ही स्वतःच्या हाताने उठवता. शिवाय रक्कम बरोबर आहे का, कर्ज खरंच तिचं आहे का, हे अजून कोणी दाखवलेलंही नसतं.

पुरावा मागणं फुकट आहे. १९७७ च्या 'फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट'प्रमाणे पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत एजन्सीने कर्जाचा तपशील द्यायला हवा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी आक्षेप घेतला की पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. पत्र चार ओळींचं पुरतं: हे कर्ज मला मान्य नाही, मूळ कर्ज देणारी संस्था कोणती ते कळवा, रकमेचा हिशेब द्या, या पत्राला कर्जाची कबुली समजू नये. ते पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि प्रत ठेवा. फोनवर "हो, आठवतंय मला ते कार्ड" एवढंही बोलू नका.

सैनिकी कुटुंबांची अडचण बदलीची असते. तपशील जुन्या पत्त्यावर जातो आणि ३० दिवस तिकडेच संपतात. तरीही पत्र पाठवाच. उशिरा आलेल्या आक्षेपाने वसुली थांबेलच असं नाही, पण आक्षेप नोंदला जातो.

संपर्क तोडायचा का?

"यापुढे संपर्क करू नका" असं लेखी कळवलं की एजन्सीला थांबावं लागतं. त्यानंतर फक्त वसुलीचे प्रयत्न थांबवत असल्याचं किंवा दाव्यासारखी ठरावीक कारवाई करणार असल्याचं ती कळवू शकते. पुरावा मागण्याचं पत्र ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्याच सहीने जावं. संपर्क थांबवण्याचं पत्र मात्र नवरा किंवा बायको कोणीही लिहू शकतं, कारण संपर्काच्या नियमांत जोडीदारही ग्राहक धरला जातो. त्याचीच दुसरी बाजू अशी, की एजन्सीने जोडीदाराशी कर्जाबद्दल बोलणं बेकायदा नाही. कमांडरशी बोलणं मात्र बेकायदा आहे. तुम्ही थेट एजन्सीला परवानगी दिली नसेल आणि कोर्टाचा निकाल नसेल, तर ती त्याला कर्जाबद्दल सांगू शकत नाही. मूळ बँक स्वतःच वसुली करत असेल तर हा १९७७ चा कायदा सहसा लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा.

मुदत संपलेल्या कर्जासाठी हा मार्ग उत्तम. मुदत शिल्लक असेल तर मी तो निवडणार नाही: फोन थांबतात, पण पुढची खबर थेट कोर्टाकडून येण्याची शक्यता वाढते. त्यापेक्षा "फोन नको, फक्त पत्राने कळवा" एवढंच सांगा.

तडजोड की वाट पाहणं

कर्ज खरं आहे, मुदतही आहे, तर एकरकमी तडजोडीवर घासाघीस होऊ शकते. आधी लेखी करार हातात घ्या, त्यात "उरलेली रक्कम माफ" हे शब्द असू द्या, मगच पैसे पाठवा. बँक खात्यातून परस्पर पैसे काढायची परवानगी देऊ नका. माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर करविवरणासाठी ती रक्कम कळवणारा १०९९-सी फॉर्म येऊ शकतो. फोनवरून गिऱ्हाईक गाठणारी कोणतीही सेटलमेंट (कर्जाची तडजोड करून देणारी) कंपनी काम होण्याआधी फी मागत असेल तर तिथूनच परत फिरा. २०१० पासून त्याला बंदी आहे.

वाट पाहणं नागरिक जोडीदाराला परवडतं. क्रेडिट रिपोर्टवरून थकबाकी साधारण सात वर्षांनी निघते, आणि मध्येच पैसे भरल्याने ती सात वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. कर्ज सैनिकाचं स्वतःचं असेल तर गणित बदलतं. सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामाची परवानगी) तपासणारे आर्थिक जबाबदारी बघतात. तिथे "मुदत संपली" हे उत्तर लंगडं पडतं, आणि हप्त्यांचा करार व त्याच्या पावत्या जास्त बोलतात. कायद्याने भरावं लागणार नाही तरी नोकरीसाठी भरणं शहाणपणाचं ठरू शकतं, म्हणून या बाबतीत मी तडजोडीकडे झुकते.

यातलं काहीही करण्याआधी बेसवरच्या जॅगच्या (सैन्याच्या वकील विभागाच्या) लीगल असिस्टन्स ऑफिसात जा. मदत मोफत आहे आणि जोडीदारालाही मिळते. कर्ज ज्याच्या नावावर तो डिप्लॉयमेंटवर जाणार असेल तर जाण्याआधी तिथूनच मुखत्यारपत्र करून घ्या. पैशाच्या नियोजनासाठी मिलिटरी वनसोर्स या सैनिकी कुटुंबांच्या मदतसेवेचे समुपदेशकही मोफत भेटतात.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र वरचे सगळे मार्ग बाजूला ठेवा आणि समन्समध्ये दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, कर्ज मुदतबाह्य असलं तरीही, कारण मुदत संपल्याचा मुद्दा तुम्हीच मांडावा लागतो. प्रतिवादी सैनिक असेल आणि ड्यूटीमुळे हजर राहता येत नसेल, तर किमान ९० दिवसांची स्थगिती मागता येते. बायको प्रतिवादी असेल तर तिला त्या सवलतीवर विसंबून राहता येणार नाही.