जुनी पोलो ट्रॅकसाठी: सोलापुरातील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर, पळवण्यासाठी जुनी गाडी घ्यायची असेल, तर सोलापूरकराने सरळ पुणे किंवा बंगळूर गाठावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळील ज्या गॅरेजकडून मी गाडीची पारख आणि पुढची तयारी करून घेतली, त्यांचे काम पाहता हा सल्ला निम्माच खरा वाटतो. पारख येथे उत्तम होते. तयारीतले एक महत्त्वाचे काम मात्र बाहेरूनच करून आणावे लागते. गॅरेजच्या मालकांना, म्हणजे अण्णांना, आणखी गिऱ्हाईक नको असल्यामुळे नाव देत नाही.

गाडी फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअरची मॅन्युअल. काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे. पण दोन दरवाजांची खरीखुरी स्पोर्ट्स कार जुन्या बाजारात हाती लागली, तरी तिच्या डिस्क आणि क्लच बदलताना खिसा रिकामा होतो, आणि ट्रॅकवर तर याच वस्तू लवकर झिजतात. या पोलोची ताकद ११० पीएस आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, १७५ न्यूटन-मीटर आहे. भारतातील तिचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले असले, तरी २०१० पासून आपल्याकडे पोलोच्या स्वतंत्र शर्यती झाल्यामुळे या गाडीचे काय टिकते आणि काय टिकत नाही, हे जाणणारी माणसे भेटतात.

आधी अपघाताच्या खुणा शोधायच्या म्हणून अण्णांनी तपासणीची सुरुवात इंजिनापासून न करता डिकीपासून केली. स्टेपनी काढून खालच्या पत्र्याचे जोड पाहिले, बोनेटखालच्या दोन्ही चेसिस पट्ट्यांवर हात फिरवला, दरवाजांच्या कडांचे सीलर कंपनीचे आहे की नंतर लावलेले, ते पाहिले आणि सर्व काचांवरील वर्षे जुळवली. इंजिन खोलून बांधता येते, पण वाकलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ केली तरी वळणावर गाडी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब), टर्बोच्या शाफ्टमधील ढिलाई, गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर अलगद पडू देणाऱ्या कड्या) आणि गाडीच्या संगणकात साठलेले, स्कॅनरवर दिसणारे जुने फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, असा क्रम होता. फॉल्ट कोड नुकतेच पुसलेले दिसले, तर गाडी विकणाऱ्याची गोड बोलणी ऐकत बसू नये, हा माझा स्वतःचा नियम आहे.

सोलापूरचा उन्हाळा येथे उपयोगी पडतो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एसी लावून, दुपारी, चढावर गाडी चालवली की रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट यांचे खरे रूप कळते. या इंजिनाचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग, इनटेक मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) बसवलेला असून तो पाण्याने थंड होतो. त्याच्या वेगळ्या कूलंट वाटेत हवा अडकली, तर इंजिन तापल्याचे काट्यावर दिसत नाही, फक्त ताकद हळूहळू कमी होते. अण्णांनी त्या वाटेतली हवा काढण्याचे काम स्कॅनर लावून, पंप चालवून, रीतसर केले. या एका कामासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

ताकद वाढवण्यासाठी ईसीयू रिमॅप करण्याचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलण्याचा, माझा आग्रह त्यांनी मोडून काढला आणि तोच पैसा ब्रेकवर लावायला सांगितला. कोइंबतूरजवळच्या कारी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकची लांबी साधारण २.१ किलोमीटर आहे. तेथे मोठ्या सरळ रस्त्यांपेक्षा पुन्हा पुन्हा ब्रेक मारणेच जास्त, त्यामुळे हा सल्ला योग्य होता. ब्रेक ऑइलचा हिशेब साधा आहे: डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. पेडल खोल जाऊ लागले, तर ऑइल उकळले असे समजावे. पेडल टणक राहूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापले आहेत. गॅरेजने ऑइल बदलले, जास्त तापमानाचे पॅड बसवले, चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरवर आवळले आणि पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासायला बजावले. पॅडचे बेडिंग, म्हणजे नवे पॅड ठरावीक रीतीने ब्रेक मारून डिस्कवर बसवून घेणे, मात्र त्यांनी करून दिले नाही.

कमी पडले ते अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यात. पोलोच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचा उभा दांडा) कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन, बदलण्याची फारशी सोय कंपनीकडून नसते. त्यासाठी वेगळे बोल्ट किंवा वरच्या प्लेटा लागतात. गॅरेजने यंत्रावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, दाखवून विषय संपवला. रस्त्यासाठी ते पुरेसे आहे, पण ट्रॅकवर पुढच्या टायरची बाहेरची कड लवकर खाल्ली जाते. हे काम पुण्यात करून घ्यावे, आणि मापांचा कागद मागून घ्यावा. सुटे भागही पुण्याहूनच येत असल्याने दिलेली तारीख पाळली जात नाही, हे धरून चालावे. मजुरी मात्र पुण्याच्या मानाने बरीच कमी आहे.

सीट आणि बेल्ट यांबाबत अण्णा स्पष्ट होते: रोल केजशिवाय (गाडी उलटल्यास छप्पर दबू न देणारा आतला नळ्यांचा पिंजरा) चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट, त्यांनी बसवून दिला नाही, आणि केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणे डोक्याला धोक्याचे, हेही सांगितले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीच्या गाडीत मूळ रचना बदलण्यावर मर्यादा आहेत. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणून ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच पदरात पडते. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर करत कोइंबतूरला स्वतः चालवत जाणारे ब्रेकचे जुने पॅड आणि रस्त्याचे टायर डिकीत ठेवतात. परतीचा प्रवास त्यांच्यावरच करायचा असतो.