जेंटल जायंट की व्हॅन डर ग्राफ जनरेटर: आधी कुणाला वेळ द्यायचा?

फ्लॉइड झालं, जेनेसिस झालं, यस आणि किंग क्रिमसनही पालथं घालून झालं, आता पुढे काय, अशा टप्प्यावर आला असाल तर कुणीतरी तुम्हाला या दोन नावांपैकी एक सांगितलंच असेल. दोन्ही बँड ब्रिटिश, दोन्ही प्रॉगवाले (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक), दोन्ही सत्तरच्या दशकातले, दोन्ही मोठ्या नावांच्या सावलीत राहिलेले, आणि दोन्हींचे चाहते कमी पण जीव टाकणारे. अडचण एवढीच की या दोघांतलं कुणीच पटकन हाती लागत नाही, एकेकाला किमान महिनाभर तरी द्यावा लागतो, आणि नोकरी-घर सांभाळून ऐकणाऱ्या माणसाकडे दोघांसाठी एकदम वेळ नसतो. मी दहा-बारा वर्षांत दोघांनाही भरपूर वेळ दिलाय. सांगतोय ते माझ्या कानांपुरतं आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

जेंटल जायंटची सुरुवातच मला फार आवडते. डेरेक, रे आणि फिल हे शुलमन बंधू, पोर्ट्समथचे. आधी त्यांचा सायमन डुप्री अँड द बिग साउंड नावाचा पॉप बँड होता, १९६७ मध्ये ‘काइट्स’ हे गाणं ब्रिटनमध्ये टॉप टेनमध्ये गेलं, आणि स्वतःच्याच त्या हिट गाण्याला हे भाऊ वैतागले! (तेव्हा त्यांच्यासोबत काही कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायला रेग ड्वाइट नावाचा एक पोरगा होता, तोच पुढे एल्टन जॉन झाला.) १९७० मध्ये त्यांनी ते सगळं सोडून नवा बँड काढला. रॉयल अकॅडमीत कंपोझिशन शिकलेला केरी मिनियर आला, ब्लूज वाजवणारा गॅरी ग्रीन आला, आणि दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर त्यांनी सरळ छापलं की लोकांना आवडलो नाही तरी चालेल पण आम्ही लोकप्रिय संगीताच्या सीमा पुढे ढकलणार. आणि पुढची काही वर्षं खरंच तसंच वागले.

व्हॅन डर ग्राफ १९६७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात जमलेला. गायक आणि गीतकार पीटर हॅमिल म्हणजेच हा बँड असं लोक म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही, कारण ह्यू बँटनचा ऑर्गन आणि डेव्हिड जॅक्सनचा सॅक्सोफोन काढून घेतला तर काय उरणार? रॉक बँड आहे पण गिटार जवळजवळ नाहीच, बेस बँटन पायांनी वाजवतोय आणि जॅक्सन एकाच वेळी दोन सॅक्सोफोन तोंडात धरून फुंकतोय. १९७१ च्या ‘पॉन हार्ट्स’ची एक अख्खी बाजू म्हणजे एकाच दीपगृहाच्या रखवालदाराची तेवीस मिनिटांची कहाणी. तो अल्बम इटलीत चक्क पहिल्या क्रमांकावर गेला आणि मायदेशी कुणी फारसं विचारलं नाही. १९७२ मध्ये मोडले, १९७५ मध्ये परत जमले. १९७७ मध्ये, म्हणजे पंकवाले या सगळ्या पिढीला शिव्या घालत होते तेव्हा, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉन लायडनने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर स्वतःच्या आवडीची गाणी लावली, त्यात हॅमिलची गाणी होती. या बँडचा दरारा कसा होता ते यातून कळतं.

आता पहिल्या भेटीचं म्हणाल तर व्हॅन डर ग्राफ सहज जिंकतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. ‘किलर’ ऐका, समुद्राच्या तळाशी एकटा राहणारा मासा, जो जवळ येईल त्याला मारतो आणि म्हणूनच एकटा पडलाय, इतकं सरळ आणि इतकं खोल. ‘मॅन-अर्ग’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एकाच माणसाच्या आत खुनीही राहतो आणि देवदूतही, आणि हॅमिल ते गातो तेव्हा तो स्वतःबद्दलच सांगतोय असं वाटत राहतं. त्याउलट जेंटल जायंटचं ‘ऑक्टोपस’ पहिल्यांदा ऐकून संपलं तेव्हा माझ्या डोक्यात एक ओळ शिल्लक नव्हती. चार जण एकाच खोलीत चार वेगळ्या गोष्टी सांगताहेत आणि मी कुणाचंच धड ऐकलं नाही, असं काहीतरी.

तरीही माझा कौल हळूहळू दुसरीकडे गेला, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आवाजाचा चढउतार.

म्हणजे असं बघा, हॅमिल कुजबुजतो तेव्हा इतका हळू कुजबुजतो की शब्द कळावेत म्हणून तुम्ही आवाज वाढवता. ‘गॉडब्लफ’ची सुरुवात तशीच आहे, बासरी आणि जवळजवळ कानात बोलल्यासारखा गळा, सुंदरच आहे. पण मग बँड उसळतो, आणि उसळतो म्हणजे ऑर्गन, सॅक्स, ड्रम आणि हॅमिलचं ओरडणं सगळं एकदम अंगावर येतं. ‘स्टिल लाइफ’ हे गाणं मी एकदा रात्री बसमध्ये इअरफोन लावून ऐकत होतो, सुरुवातीला ऑर्गन आणि गळा एवढंच, इंजिनाच्या घरघरीत ऐकू येईना म्हणून आवाज जवळपास पूर्ण चढवला, डोळे मिटले, आणि मधेच पूर्ण बँड आला तेव्हा मी अक्षरशः इअरफोन ओढून काढले, कान कितीतरी वेळ दुखत होते. बरं, हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण घरी स्पीकरवर लावलं तरी तेच, आधी काही ऐकू येत नाही म्हणून वाढवा, मग आतल्या खोलीत झोपलेल्या मुलीसाठी धावत जाऊन कमी करा, की परत कुजबुज सुरू, परत वाढवा. माझा एक हात कायम आवाजाच्या बटणावर.

हा दोष आहे का? नाही, आणि म्हणूनच त्रास जास्त होतो. त्या माणसाचं सगळं सामर्थ्य त्या चढउतारातच आहे, ते सपाट केलं तर हॅमिल उरणारच नाही. त्यांना हवाय तसा श्रोता म्हणजे रिकामं घर, मोठे स्पीकर, हातात गाण्याचे शब्द आणि तासभर कुणी हाक मारणार नाही अशी खात्री. वर्षातून अशा किती रात्री मिळतात? मला दोन-तीन मिळतात.

जेंटल जायंटचा त्रास वेगळा आहे, तो समजण्याचा आहे, आणि मुख्य म्हणजे तो ऐकून ऐकून कमी होतो. हा माझ्यासाठी निर्णायक फरक ठरला. गाणी चार-पाच मिनिटांची, अल्बम पस्तीस-चाळीस मिनिटांचा, आवाज एका पातळीवर ठेवा आणि भाजी चिरत ऐका. पहिल्या आठवड्यात काही लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात एखादा व्हायब्राफोनचा तुकडा आंघोळ करताना आठवतो. मग कळतं की तो तुकडा आधी व्हायोलिनवर येऊन गेला होता आणि नंतर गळ्यावर येणार आहे. ‘ऑन रिफ्लेक्शन’मध्ये एक आवाज ओळ सुरू करतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ घेतो, मग तिसरा, मग चौथा, आणि एके दिवशी अचानक चारही ओळी कानाला वेगवेगळ्या दिसायला लागतात. ‘दिसायला’च म्हणतोय, कारण तसंच वाटतं.

आणि लय! आपल्या कानांना इथे खरंच फायदा आहे असं मला वाटतं. माझा भाचा तबला शिकतो, त्याला मी ‘जस्ट द सेम’ ऐकवलं. सुरुवातीला नुसत्या चुटक्या वाजतात, आपण त्यावर ठेका धरतो, आणि बाकीची वाद्यं आली की आपण धरलेला ठेका भलत्याच ठिकाणी पडलेला असतो. पोरगं मांडीवर बोटं मोजत बसलं, तीनदा परत लावायला लावलं, आणि सम सापडली तेव्हा असं हसलं की काय सांगू. इंग्लिश शब्द त्याला निम्मे कळले नव्हते. एवढ्या गुंत्याखाली ड्रमर जॉन वेदर्स मात्र जाडजूड, सरळ ठोकत असतो. ‘ऑक्टोपस’पासून तो आला आणि सगळं जमिनीवर आलं असं माझं मत आहे.

लोक म्हणतात जेंटल जायंट थंड आहे, सगळं डोक्याचं काम, काळजाचं काही नाही. शब्दांपुरतं बोलायचं तर हॅमिल कितीतरी वरचा, त्यात वाद नाही. पण ‘थिंक ऑफ मी विथ काइंडनेस’मध्ये मिनियर त्या मऊ गळ्याने गातो ते ऐकून कुणी थंड म्हणत असेल तर मला त्याच्याशी थोडं भांडावंसं वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जेंटल जायंटच्या शेवटच्या काही अल्बममध्ये रेडिओला आवडेल असं काहीतरी करायची धडपड आहे आणि ती त्यांना शोभत नाही, १९७८ चा ‘जायंट फॉर अ डे’ मी तर टाळाच म्हणेन. १९८० मध्ये थांबले ते थांबलेच. व्हॅन डर ग्राफने असं स्वतःला कधी वाकवलं नाही, आणि २००५ मध्ये परत येऊन नवा अल्बमही काढला. मागे काय राहिलं म्हणाल तर डेरेक पुढे रेकॉर्ड कंपनीत गेला आणि त्याने बॉन जोव्हीला करारबद्ध केलं, रेने आइसलँडच्या शुगरक्यूब्जचं काम केलं, म्हणजे गायिका ब्योर्क ज्यात होती तो बँड. रे २०२३ मध्ये गेला. त्याच वर्षी अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा ‘युटोपिया’ हा अल्बम आला आणि त्याच्या पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला ‘प्रोक्लमेशन’मधले जेंटल जायंटचे आवाज, १९७४ चे, जसेच्या तसे. ज्या पोरांनी प्रॉग हा शब्द ऐकला नसेल त्यांच्या कानात ते गेले. मला त्या दिवशी फार भरून आलं होतं.

तर ठरवायचंच असेल तर असं करा. रात्री एकटे असता, शब्दांवर प्रेम आहे, चांगले स्पीकर आहेत, तर ‘गॉडब्लफ’ घ्या, चारच गाणी आहेत, इअरफोनवर मात्र नको. बाकी सगळ्यांना मी ‘फ्री हँड’ सांगेन, १९७५ चा, त्यांचा सगळ्यात मोकळा अल्बम, आणि स्टीव्हन विल्सन या प्रॉग संगीतकाराने २०२१ साठी केलेलं नवं मिक्स मिळालं तर तेच, त्यात गळे इतके सुटे ऐकू येतात की माझे दोन आठवडे वाचले असते. त्यानंतर ‘ऑक्टोपस’. ‘नॉट्स’ला घाबरून बंद करू नका, त्यात आधी नुसते गळेच एकमेकांत अडकत राहतात आणि पहिल्यांदा नको वाटतं, माझी मुलगी आता ते दात घासताना गुणगुणते.