काचेच्या पेल्यातील सोया मेणबत्ती: मेण उत्तम, वात बारीक

पुण्यातील एका घरगुती उत्पादकाकडून मोगऱ्याच्या गंधाची, २०० ग्रॅमची सोया मेणबत्ती घेतली. वेष्टनावर ‘धूरविरहित’ असे ठळकपणे छापलेले आहे आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

सोयाबीनचे तेल शुद्ध करून त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की ते गोठून पांढरे मेण तयार होते. वनस्पती तूप याच रीतीने बनते. येथे ती प्रक्रिया आणखी पुढे नेलेली असते, इतकेच. हे मेण वितळवून ते साधारण ८० अंशांवर असताना त्यात ६ ते १० टक्के सुगंधी तेल मिसळतात, थोडे निवल्यावर वात लावलेल्या पेल्यात ओततात आणि गंध नीट मुरावा म्हणून आठवडा-दोन आठवडे तसेच ठेवतात. पेल्यात ओतायचे सोया मेण ५० अंशांच्या आसपास वितळते, तर मधमाश्यांच्या मेणाला ६२ ते ६४ अंश लागतात. त्यामुळे नुसत्या सोया मेणाची उंच, सडसडीत मेणबत्ती टिकत नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर ती पेल्यातही मऊ पडेल.

आता धुराविषयी. खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन काळे आणि सोया निर्मळ, ही विभागणी फार सोपी आहे. वात लांब राहिली किंवा वारा लागला की कोणतेही मेण काजळी धरते, आणि हीही धरते. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात सुमारे ६ मिलिमीटरवर कापली की ज्योत स्थिर राहते.

हिची वात मात्र पेल्याच्या रुंदीच्या मानाने बारीक आहे. तास-दोन तास जळूनही वितळलेले मेण काठापर्यंत पोहोचत नाही, मध्ये खड्डा पडत जातो आणि कडेचे महागडे मेण तसेच राहते. मोगऱ्याचा गंध सौम्य, खरा वाटणारा आहे. झोपण्याच्या खोलीत तो पुरतो, दिवाणखान्यात हरवतो, तेथे पॅराफिनची सुगंधी मेणबत्ती सहसा सरस ठरते. पृष्ठभागावर आलेले पांढरे चट्टे हा दोष मानू नये, कारण वनस्पतीजन्य मेणाचे स्फटिक असेच दिसतात. पेला गरम पाण्याने व साबणाने सहज स्वच्छ होतो. ६५० रुपयांना ती मी पुन्हा घेईन, पण जाड वातीची असेल तरच. वीज गेल्यावर लावायला किराणा दुकानातली साधी मेणबत्तीच बरी.