लुक्काजवळच्या जुन्या दगडी घरातील सात रात्री

कोल्हापूरहून निघालेली आम्ही तीन पिढ्यांची चौदा माणसे यंदा इटलीतील लुक्का शहराजवळ, डागडुजी करून राहण्याजोग्या केलेल्या एका जुन्या शेतघरात सात रात्री राहिलो, आणि मोठ्या कुटुंबाने हॉटेलच्या विखुरलेल्या खोल्यांऐवजी असेच घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत झाले. जाड दगडी भिंतींमुळे भर दुपारीही आत गारवा असे. जिन्यापाशी भाजक्या मातीच्या फरशा पावलांनी झिजून मधोमध खोलगट झाल्या होत्या, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या तशाच जपल्या, याचे मला फार समाधान वाटले. आपल्याकडे वाडा दुरुस्तीला काढला की आधी जुनी फरशीच उखडली जाते.

मोठी उणीव विजेची. इटलीतील घरांना सहसा ३ किलोवॉटचीच जोडणी असते, त्यामुळे ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम चालू होताच पहिल्याच रात्री अंधार झाला, आणि मुख्य खटका घराबाहेरच्या पेटीत आहे, हे घरमालकांनी आधी सांगायला हवे होते. स्वयंपाकघर मात्र प्रशस्त आहे. आईने सोबत नेलेली कांदा-लसूण चटणी घालून केलेला तांबडा रस्सा आम्ही सर्वांनी एकाच लांब लाकडी टेबलाभोवती बसून ओरपला.

लुक्काच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेल्यास कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड होतो; म्हणून गाड्या बाहेर लावाव्यात आणि शहराभोवतीच्या ४ किलोमीटरहून अधिक लांबीच्या तटबंदीवरून पायीच फिरावे.